‘तिथे माझा फोन चालेल का?’ या प्रश्नाचं संशोधन कसं करायचं

दरवर्षी मे-जून आला की अमेरिकेत पीएचडीला निघालेल्या मुलामुलींचे प्रश्न सुरू होतात. घरभाडं किती, प्रेशर कुकर न्यायचा का, थंडीचं जॅकेट इथून घ्यायचं की तिथून, आणि फोनचं काय करायचं. यंदा फोनचा एक प्रश्न जरा वेगळा आला. एकीकडे ब्लॅकबेरी की-वन आहे, खाली खरीखुरी बटणं असलेला. भारतात घेतलेला आणि कुठल्याच कंपनीला न बांधलेला, म्हणजे अनलॉक. तिकडे जाऊन महिन्याला पंधरा-वीस डॉलरचं स्वस्त सिम घ्यायचं असा तिचा बेत आहे. प्रश्न एका ओळीचा: ‘चालेल ना?’

याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. पण संशोधनाच्या पहिल्या वर्षात ज्या गोष्टी शिकायला लागतात त्यातल्या बऱ्याचशा या एका प्रश्नात येतात. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात त्या जड शब्दांत असतात, म्हणून मी इथे फोन हातात घेऊनच सांगते. तुम्हाला कीबोर्डच्या फोनशी काही देणंघेणं नसलं तरी वाचा.

‘चालतो’ म्हणजे काय?

आधी हा शब्दच फोडायचा. आपण ‘फोन चालतो’ म्हणतो तेव्हा निदान सहा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो. सिम ओळखलं जातं का. इंटरनेट येतं का. आपण कॉल लावला तर लागतो का. दुसऱ्याने लावला तर आपल्याकडे वाजतो का. साधे मेसेज आणि फोटोचे, गटातले मेसेज येतात का (अमेरिकेत घरमालक, रूममेट, लॅबमधले लोक व्हॉट्सॲपवर नसतात, मेसेजवर असतात). आणि आणीबाणीत ९११ लागतो का.

या सहाही गोष्टी एकमेकींपासून सुट्या आहेत. इंटरनेट झकास चालतंय आणि कॉल एकही वाजत नाही, असं अगदी होतं. गाइडच्या भाषेत बोलायचं तर ‘चालणे’ ही संकल्पना झाली आणि या सहा गोष्टी तिची कार्यात्मक व्याख्या. व्याख्या न करता कुणी ‘माझा चालतो’ म्हणालं तर तो नक्की काय म्हणतोय हे तुम्हाला कळलेलंच नसतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘यूट्यूब चालतं’ एवढाच असतो.

या सहातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे येणारे कॉल. जाणारा कॉल लागला नाही तर तुम्हाला लगेच कळतं. येणारा कॉल फोनपर्यंत पोचलाच नाही तर तो थेट व्हॉइसमेलवर जातो. मिस्ड कॉल दिसत नाही, घंटा वाजत नाही, काहीच होत नाही. तुम्ही आपले ‘आज कुणाचा फोन नाही’ म्हणून खुशीत. पुरावा दिसत नाही म्हणून घटना घडलीच नाही असं धरणं ही चूक आकडेवारीतही लोक करतात, पण तिथे कुणाचं इतकं थेट नुकसान होत नाही. इथे तो कॉल दवाखान्यातून असू शकतो, नाहीतर पहाटे घरून.

‘अनलॉक’ या शब्दाचा इतिहास

आपल्याकडे हा शब्द नीट पोचतच नाही, कारण आपण फोन एका दुकानातून आणि सिम दुसरीकडून घेत आलो. अपवाद होते: २००३ च्या आसपासचे रिलायन्सचे सीडीएमए फोन, किंवा २०१७ चा जिओफोन. पण एरवी फोन आपला आणि सिम बदलतं, हीच आपली रीत.

अमेरिकेत उलटं होतं. फोन कंपनीच हप्त्यावर देणार आणि तो तिच्याच सिमवर चालणार. टेलिफोनच्या जाळ्याला आपलं यंत्र जोडायचा हक्क कुणाला, हा तिथला फार जुना वाद आहे. १९६८ साली तिथल्या संपर्क आयोगाने (एफसीसी) कार्टरफोन नावाच्या यंत्राच्या प्रकरणात निर्णय दिला की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला दुसऱ्याने बनवलेलं यंत्रही जोडता येईल. पुढे आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम यांना वाट मोकळी झाली ती त्या निर्णयामुळे. पण मोबाइलमध्ये कुलूप परत आलं. २०१३ च्या जानेवारीत तर कॉपीराइट कायद्यातली सूट संपली आणि नव्याने घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं बेकायदा ठरलं. त्यावर एक लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज व्हाइट हाउसकडे गेला आणि १ ऑगस्ट २०१४ ला अनलॉकिंग पुन्हा कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही झाली.

आता गंमत बघा. हे सगळं झाल्यावर लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की अनलॉक फोन म्हणजे कुठेही चालणारा फोन. मुळात अनलॉक म्हणजे एवढंच की फोनमध्ये ‘फक्त अमुक कंपनीचं सिम घे’ ही अट नाही. फोनने सिम नाकारलं नाही तरी जाळं फोनला नाकारू शकतं. दाराला कुलूप नाही म्हणजे आतला माणूस तुम्हाला आत घेईलच असं कुठे असतं?

स्वस्त सिम कुणाचं?

अमेरिकेत टॉवर मुख्यतः तीन कंपन्यांचे: व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल. स्वस्त सिम विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा स्वतःचा एकही टॉवर नसतो. त्या या तिघींकडून घाऊक भावाने सेवा घेतात आणि किरकोळ विकतात. काही आता मोठ्यांच्याच मालकीच्या झाल्या आहेत: वॉलमार्टमध्ये मिळणारं स्ट्रेट टॉक ज्या ट्रॅकफोनचं, ती कंपनी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये व्हेरायझनने घेतली, मिंट मोबाइल २०२४ च्या मेमध्ये टी-मोबाइलकडे गेलं, क्रिकेट त्याआधीच, २०१४ पासून, एटी अँड टीचं आहे. स्टायपेंडवर राहणाऱ्याला महिन्याला १५ ते २५ डॉलर आणि मोठ्या कंपनीचे ६०-७० डॉलर यातला फरक काय असतो ते वेगळं सांगायला नको. त्यात आठवड्याचा किराणा होतो.

तुमच्यासाठी यातला कामाचा मुद्दा असा की स्वस्त सिम बघताना त्याच्यावरचं नाव बाजूला ठेवून खाली जाळं कुणाचं आहे हे आधी शोधा. काही ब्रँड एकाहून जास्त जाळ्यांवर सिम देतात, तेव्हा पाकिटात कुठलं आलंय हेही बघावं लागतं. ब्रँड हे लेबल झालं. फोन लागणं न लागणं खालच्या जाळ्यावर ठरतं.

तीन थर

पहिला थर लहरींचा, म्हणजे बँडचा. प्रत्येक देशात ४जी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं आणि त्या पट्ट्यांना क्रमांक आहेत. भारतात ३, ५, ४० हे क्रमांक महत्त्वाचे. अमेरिकेत २, ४, ६६, आणि कमी फ्रिक्वेन्सीचे १२, १३, ७१. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतींतून बरी शिरते. त्यामुळे तुमच्या फोनमध्ये २ आणि ४ आहेत पण १२ नाही, असं झालं तर रस्त्यावर सगळं छान आणि तळघरातल्या लॅबमध्ये शुकशुकाट. बँड ७१ म्हणजे ६०० मेगाहर्ट्झ. त्याचा लिलाव २०१७ मध्ये उरकला आणि की-वन त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्सिलोनात जाहीर झाला होता. नुसत्या दोन तारखा शेजारी ठेवल्या तरी कळतं की त्या फोनमध्ये बँड ७१ ची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तपशील शोधायच्या आधी असा कालक्रम मांडून बघायची सवय लावा, फार वेळ वाचतो.

आणखी एक. एकाच नावाच्या फोनची अनेक मॉडेलं असतात. की-वनचा क्रमांक ‘बीबीबी१००’ आणि पुढे डॅश देऊन एक अंक. तो शेवटचा अंक बदलला की बँड बदलतात. भारतात ऑप्टिमसने बनवलेला दोन सिमचा की-वन आणि अमेरिकेत विकला गेलेला की-वन हे दिसायला सख्खे जुळे, पण आतून वेगळे. म्हणून ‘की-वन तिथे चालतो’ हे वाक्य मॉडेलच्या पूर्ण क्रमांकाशिवाय निरुपयोगी आहे. जीवशास्त्रवाल्यांना हे पटकन कळेल: नुसती प्रजाती सांगून भागत नाही, स्ट्रेन सांगावा लागतो.

दुसरा थर आवाजाचा, आणि खरी मेख इथे आहे. ४जी मुळात फक्त डेटासाठी आखलं गेलं. सुरुवातीच्या ४जी फोनमध्ये इंटरनेट ४जीवर चालायचं, पण कॉल आला की फोन गुपचूप ३जीवर नाहीतर २जीवर उतरायचा, बोलणं झालं की परत वर. पुढे आवाजही ४जीवरूनच न्यायची सोय झाली, तिला व्होल्टी म्हणतात. आपल्याकडे हा शब्द २०१६ मध्ये जिओने घरोघरी पोचवला, कारण जिओकडे उतरायला खाली ३जी नव्हतंच. अमेरिकेत २०२२ साली तेच झालं: एटी अँड टीने २२ फेब्रुवारीला ३जी बंद केलं, टी-मोबाइलने १ जुलैपासून बंद करायला घेतलं, व्हेरायझनने वर्षाच्या शेवटी. आता कॉल हवा तर व्होल्टी हवंच.

पण व्होल्टी म्हणजे नुसती चिप नव्हे. प्रत्येक कंपनीच्या व्यवस्थेशी कसं बोलायचं याची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. ती फोन बनवणारा भरतो, आणि ज्या कंपनीबरोबर चाचणी झाली तिचीच भरतो. जुन्या फोनमध्ये पुढे कुणी नवीन भरत बसत नाही. ब्लॅकबेरी नावाने फोन विकायचा टीसीएलचा करार ३१ ऑगस्ट २०२० ला संपला, तेव्हा की-वनच्या बाबतीत ती वही मिटली आहे असंच समजा.

तिसरा थर यादीचा. प्रत्येक फोनला आयएमईआय क्रमांक असतो (*#०६# दाबा, दिसेल) आणि त्यातल्या पहिल्या आठ अंकांवरून मॉडेल कळतं. काही जाळी आपल्याला ठाऊक असलेल्या मॉडेलांनाच आत घेतात. एटी अँड टीने ३जी बंद करताना चालणाऱ्या फोनची यादीच प्रसिद्ध केली होती. म्हणजे फोनमध्ये बँड आहेत, व्होल्टी आहे, पण नाव यादीत नाही तर दार बंद. तुम्ही फोनवर कितीही खटपट करा, अडचण फोनमध्ये नाहीच.

कुणाचं ऐकायचं?

आता तुम्ही शोधायला बसलात की पाच प्रकारची माहिती मिळेल, आणि पाचांना एकच वजन द्यायचं नाही.

विकणाऱ्याच्या पानावर ‘सगळ्या जीएसएम कंपन्यांवर चालतो’ असं असतं. हे वाक्य २०१७ साली बहुतांशी खरंही असेल. वाक्य तेच राहिलं, जाळं बदललं. तारीख नसलेली माहिती आधी बाजूला ठेवा.

‘माझा तर चालतो’ असं सांगणारे लोक भेटतील. हे खोटं बोलत नसतात. पण ज्याचा चालला नाही त्याने दोन दिवसांत दुसरा फोन घेतला आणि तो विषय सोडून दिला. मागे उरतात ते चालणारेच. युद्धातून परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजण्याची गोष्ट तुम्ही संख्याशास्त्रात ऐकली असेल, तीच ही.

कंपनीच्या चौकशी केंद्रावरचा माणूस त्याच्या पडद्यावर दिसतं तेच वाचतो. कंपनीच्या पानावर आयएमईआय टाकून तपासायची सोय असते, ती त्याहून बरी. पण तीसुद्धा ‘आमच्या नोंदवहीत हा फोन आहे का’ एवढंच मोजते. तुमच्या हातातला फोन ती बघत नाही. आपण काय मोजतोय आणि आपल्याला काय हवं होतं, यातलं अंतर इथे लख्ख दिसतं.

आणि मग प्राथमिक स्रोत. अमेरिकेत विकायच्या प्रत्येक फोनची रेडिओ चाचणी एफसीसीकडे नोंदवावी लागते. फोनच्या मागे किंवा सेटिंगमध्ये एफसीसी आयडी असतो, तो एफसीसीच्या शोधपानावर टाकला की चाचणीचे अहवाल उघडतात. कंटाळवाणे, शेकडो पानांचे, पण कुठल्या बँडवर फोन सिग्नल पाठवतो हे त्यात मोजून लिहिलेलं असतं. फक्त त्याची मर्यादाही लक्षात ठेवा: बँड कळतील, एखाद्या कंपनीवर व्होल्टी चालेल का ते त्यातून कळणार नाही. चांगला स्रोतसुद्धा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो.

बातम्यांचंही एक उदाहरण सांगून टाकते. ४ जानेवारी २०२२ ला ‘ब्लॅकबेरी फोन आजपासून बंद’ असे मथळे जगभर झळकले. ते खरं होतं कंपनीच्या स्वतःच्या जुन्या प्रणालीवरच्या फोनबद्दल. अँड्रॉइडवर चालणारे की-वन, की-टू त्यात नव्हते आणि मूळ निवेदनात तसं स्पष्ट होतं. मथळा वाचून कितीतरी लोकांनी चांगले फोन मोडीत काढले असतील. प्रबंधात दुसऱ्याच्या पेपरचा सारांश वाचून मूळ पेपर उद्धृत करणाऱ्यांची जातकुळी हीच.

करून बघायचं कसं

वाचून एका मर्यादेपर्यंतच जाता येतं. माझ्या विभागात नागपूरची एक मैत्रीण आहे, तिने भारतातून आणलेल्या की-वनवर एक स्वस्त सिम घातलं. इंटरनेट सुरू, कॉल बंद. दुकानातला म्हणाला फोन खराब. फोनवाला मित्र म्हणाला सिम खराब. दोघांकडेही पुरावा नव्हता. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मुद्दा कंपनीचा नाही.)

तिने काय केलं ते बघा. एक साधा नवा फोन उसना घेतला आणि दुसऱ्या जाळ्यावरचं एक स्वस्त सिम आणलं. आता दोन फोन, दोन सिम, म्हणजे चार जोड्या. की-वनमध्ये ई-सिमची सोय नाही, त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या ई-सिमवरच्या फुकट चाचण्या बाद. खरं सिमच विकत आणावं लागलं. मग प्रत्येक जोडी एकाच खोलीत, एकाच खिडकीशी, एकाच संध्याकाळी तपासली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दुसरी हलवायची नाही. येणारे कॉल तपासताना फोन दहा मिनिटं गप्प पडू द्यायचा आणि मग तिसऱ्याच कंपनीच्या फोनवरून कॉल करायचा, कारण नुकताच वापरलेला फोन जागा असतो आणि चाचणी सोपी होऊन जाते. वायफाय बंद. हे विसरलात तर वायफायवरून कॉल जातील आणि तुम्ही टॉवरला श्रेय द्याल.

तीन जोड्यांत कॉल लागले. एकीत नाही. नवा फोन पहिल्या सिमवर चालला, म्हणजे सिम ठीक. की-वन दुसऱ्या सिमवर चालला, म्हणजे फोनही ठीक. अडचण फक्त ‘हा फोन आणि हे सिम’ एकत्र आल्यावर. संख्याशास्त्रात याला परस्परक्रिया म्हणतात, आणि पहिल्या सत्रात ती कुणाच्याच डोक्यात नीट शिरत नाही. दोन्ही गोष्टी एकेकट्या निर्दोष आणि दोष जोडीत. आपल्याकडे लग्न मोडल्यावर दोन्हीकडचे जे म्हणतात तेच, फक्त इथे ते खरंच खरं होतं. दुकानदार आणि मित्र दोघेही चूक होते, कारण दोघेही दोष एकाच वस्तूत शोधत होते.

दुसऱ्या सिमवर ‘चालला’ तेही तिने लगेच मान्य केलं नाही. कॉल चालू असताना पडद्यावरचं चिन्ह बघायचं: एलटीई तसंच राहिलं तर आवाज ४जीवरून जातोय, खाली घसरलं तर फोन जुन्या जाळ्यावर उतरलाय. टी-मोबाइलचं २जी त्यांचं ३जी बंद झाल्यावरही काही काळ चालू होतं, त्यामुळे व्होल्टी नसलेले फोनही कॉल करायचे आणि मालकाला वाटायचं सगळं आलबेल. योग्य निकाल, चुकीच्या कारणाने. ते २जी बंद झालं की निकालही जाणार. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की माहितीचं एक पान उघडतं, त्यात व्होल्टी नोंदलं गेलंय की नाही ते दिसतं. तिच्या बाबतीत चिन्ह एलटीईच राहिलं आणि पानावरही नोंद होती.

मग पहिल्या सिमवर नक्की काय अडलं, सॉफ्टवेअरमधली मांडणी की यादी? या चाचणीने ते कळत नाही. दोन्ही कारणांनी दिसणारं चित्र एकच. तिने वहीत तसंच लिहून ठेवलं आणि पुढे गेली, कारण तिचा प्रश्न ‘कुठलं सिम घेऊ’ हा होता, ‘दोष कुणाचा’ हा नव्हता. किती खोल खणायचं ते प्रश्नावरून ठरवा, नाहीतर पीएचडी आठ वर्षं चालते.

वेगाबद्दल थोडक्यात. टॉवरवर गर्दी झाली की जाळं सगळ्यांना सारखं वागवत नाही. ४जीच्या मानकात प्रत्येक वाहतुकीला एक वर्ग असतो. आवाजाला वरचा, साध्या इंटरनेटला ६ ते ९, आणि स्वस्त सिमवाले बऱ्याचदा मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकांच्या खालच्या वर्गात. रांग मोठी झाली की ते मागे. म्हणून सकाळी सातला एकदा वेग मोजून ‘फरक नाही’ म्हणू नका. फरक असतो तो गर्दीतच. तुमच्या विद्यापीठात फुटबॉलचं मोठं मैदान असेल तर मॅचच्या शनिवारी तिथे उभं राहून दोन्ही सिम आलटून पालटून मोजा, आणि सरासरीपेक्षा मध्यक बघा. एखादा भन्नाट आकडा सरासरीला कुठल्या कुठे नेतो.

जी चाचणी करायची नाही

सहावी गोष्ट राहिली. ९११ लागतो का हे बघायला ९११ लावायचा नाही. तिथे खरा माणूस उचलतो आणि तुमच्या कुतूहलासाठी खरी ओळ अडते. संशोधनात असे प्रश्न येतात जिथे प्रयोग तांत्रिकदृष्ट्या सोपा असतो आणि तरी करायचा नसतो. नीतिसमितीचे फॉर्म भरताना वैतागलात की हे आठवा. शंका असेल तर तुमच्या गावच्या पोलिसांचा साधा, आणीबाणीचा नसलेला क्रमांक असतो, त्यावर विचारा. वायफायवरून कॉल करायची सोय सुरू करताना कंपनी पत्ता मागते, तो खरा आणि ताजा ठेवा; वायफायवरून ९११ लावलात तर मदत त्या पत्त्यावर निघू शकते. खोली बदललीत की पत्ताही बदला.

आता मूळ मुलीला कीबोर्ड हवाच का, हेही विचारलं पाहिजे. तिचं म्हणणं, मुलाखत घेताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत खाली नोंदी टाइप करता येतात. हे पटण्यासारखं आहे. बोटांना बटणांच्या कडा कळतात, काचेवर कळत नाहीत. पण तिच्या नोंदी मराठीत आहेत आणि बटणांवर अक्षरं रोमन. रोमनमध्ये टाइप करून देवनागरी करायची म्हटली की पर्यायांतून शब्द निवडायला डोळे परत पडद्यावर येतात. मग फायदा कितीसा उरला, ते इथेच, निघायच्या आधी, एक तासभर कुणाची तरी मुलाखत घेऊन मोजता येईल.

याहून मोठी गोष्ट सुरक्षेची. तो फोन अँड्रॉइड ८ च्या पुढे गेला नाही आणि सुरक्षा अपडेट थांबून काळ लोटलाय. विद्यापीठाचं दोन टप्प्यांचं लॉगिन, बँकेचं ॲप, ही कुठल्या आवृत्तीपासून पुढे चालतात ते आधी बघा. आणि माणसांवर संशोधन करणार असाल तर लोकांनी विश्वासाने सांगितलेलं बोलणं अशा फोनवर ठेवायचं नाही. नीतिसमितीच्या अर्जात माहिती कुठे साठवणार असा रकाना असतोच. तिथे मी तरी हा फोन लिहिणार नाही. नोंदींसाठी पंचवीस-तीस डॉलरचा घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड नव्या फोनला जोडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तिला वाटत नाही, आणि फोन तिचा आहे.

न्यायचाच असेल तर एवढं करा. निघण्यापूर्वी मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि आयएमईआय कागदावर. तिथे गेल्यावर एक महिन्याचंच रिचार्ज, वर्षाचं एकदम भरून सवलत घ्यायची घाई नको. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. सिम बदलताना तिथला नंबर तोच ठेवायचा असेल तर जुनं सिम चालू असतानाच बदलाची विनंती टाका, आधी बंद केलंत तर नंबर गेला. आणि जुना का होईना, व्होल्टीवाला एक साधा फोन चार्ज करून पलंगाशेजारी ठेवा. अमेरिकेत सिम नसलेल्या फोनवरूनही आलेला ९११ चा कॉल जाळ्याला पुढे पाठवावाच लागतो. फक्त त्या फोनला नंबर नसतो, तिकडून परत फोन करता येत नाही. म्हणून लागला की पहिल्या वाक्यात पत्ता सांगायचा.